सुक्याचं आजारपण आणि मागचं दार

वास

आमच्या सुक्याचा आजार मला आधी वासावरून कळला. रोज सकाळी मी फुलं काढायला वाडीत जायचे, तेव्हा तो मागच्या दाराशी येऊन उभा राहायचा आणि मी वाकले की तोंड माझ्या हातात द्यायचा. त्या दिवशी त्याच्या तोंडाला कुजक्या पाल्यासारखा वास आला. मला वाटलं, बावखलाच्या काठी काहीतरी मेलेलं खाऊन आला. बावखल म्हणजे आमच्या वाडीतलं तळं. त्या वर्षी त्याचं पाणी फार खाली गेलं होतं आणि मेलेले मासे वर यायचे. मी सुक्यावर ओरडले. तो शेपूट खाली घालून बाजूला झाला. त्या ओरडण्याची मला पुढे फार लाज वाटली.

सुक्या गावठी कुत्रा. माझे सासरे, दादा, त्याला आमच्या गिरीज गावातल्याच एका वाडीतून धोतराच्या सोग्यात घेऊन आले होते. रंगानं अगदी सुकेळीसारखा, म्हणून सुकेळ्या आणि मग सुक्या. राजेळी केळी पिकली की सोलून उन्हात मांडवावर वाळवायची, त्याची सुकेळी होते. आमच्याकडे तेव्हा राजेळीची थोडीच झाडं उरली होती. वाळत घातलेल्या केळ्यांवर कावळे येऊ नयेत म्हणून दादा सुक्याला मांडवाखाली बसवायचे. कावळा एकही यायचा नाही, पण कडेची केळी कमी व्हायची. दादा म्हणायचे, "राखनदार मीच नेमला, आता पगार कापू कसा?"

मांडवाखाली नसेल तेव्हा तो माझ्या मागेपुढे असायचा. मागच्या दाराची कडी जुनी, लोखंडी, चांगली जड. दार ओढलं की ती लाकडावर आपटून खणकन वाजते. सुक्या आधीच वाडीत गेलेला असला तर कडीचा आवाज ऐकून तिथूनच एकदा ओरडायचा. मग वाडीतल्या पाण्याच्या पाटावरून धावत समोर यायचा.

मी फार बोलणारी नाही. चारचौघांत माझ्या तोंडून शब्द निघत नाही. पण फुलं काढताना मी सुक्याशी बोलायचे. त्या घरात मी सगळ्यात जास्त कोणाशी बोलले असेन तर त्याच्याशी.

डॉक्टरांकडे

वास जाईना. मग भाकरीच्या तुकड्याला रक्त लागलेलं दिसलं. तो एका बाजूनं चावायला लागला आणि दुसऱ्या बाजूला गाल सुजला. आमच्या ह्यांनी रिक्षा बोलावली. रिक्षावाल्यानं कुत्र्याकडे बघितलं आणि म्हणाला, "बसवा, पण खाली. परवा एकानं बोकड बसवला, त्यानं माझी अर्धी गादी खाल्ली." सुक्या वाटभर माझ्या पायावर हनुवटी ठेवून बसला होता. स्टेशनच्या बाजूला पोचलो तसा माणसांचा आणि गाड्यांचा आवाज वाढला आणि तो थरथरायला लागला.

डॉक्टर मध्यम वयाचे, शांत बोलणारे होते. त्यांनी सुक्याचं तोंड उघडून बॅटरीनं बघितलं. सुक्यानं दात लावले नाहीत, नुसता माझ्याकडे बघत राहिला. डॉक्टर ह्यांना म्हणाले, गाठ आहे, हाडात शिरली आहे. मुंबईला मोठ्या दवाखान्यात नेलंत तर अर्धा जबडा काढतील, पण याचं वय बघता मी तसं सांगणार नाही. दुखणं कमी करायच्या गोळ्या देतो. तो स्वतः उठून ताटलीकडे येतो तोवर ठीक आहे. ज्या दिवशी येणार नाही त्या दिवशी मला फोन करा, मी घरी येऊन त्याला शांतपणे झोपवीन.

झोपवीन म्हणजे काय ते मला कळलं. 

मला तेव्हा एकच विचारायचं होतं. त्याला दुखेल का? तोंडात शब्द तयार होता. पण डॉक्टर ह्यांच्याशी बोलत होते, मागे बाकावर एक बाई मांजर घेऊन ताटकळत बसली होती, आणि मला वाटलं, हा प्रश्न वेडगळ ठरेल. मी पदर सारखा केला आणि सुक्याची दोरी उचलली. परतताना रिक्षात ह्यांना विचारता आलं असतं. तेही नाही विचारलं.

सुईची भीती

त्याला दुखेल असं का वाटायचं ते सांगते, कारण ज्यांच्यावर ही वेळ येईल त्यांच्याही मनात कुठलीतरी जुनी गोष्ट अशीच बसलेली असेल.

माझ्या सासूबाई हॉस्पिटलातच वारल्या. शेवटी त्यांच्या हाताला शीर सापडत नव्हती. नर्स एकदा इकडे टोचायची, एकदा तिकडे. दोन्ही हात काळेनिळे झाले. त्या माझ्याकडे बघायच्या आणि मी त्यांचे पाय चोळत बसायचे. सुई म्हटलं की मला ते हात दिसायचे. आता सुक्याची शीर सापडली नाही तर? तो ओरडला तर? आणि त्याहून वाईट म्हणजे, त्याला कळलं तर? आपणच हाक मारून बोलावलं, आपणच धरून ठेवलं आणि आपणच मारलं, असं त्याला कळलं तर?

पोळ्या लाटताना हेच. फुलांच्या पुड्या बांधताना हेच. कधी वाटायचं, त्यानं झोपेतच जावं म्हणजे कोणाला काही करायला नको. आणि पहाटे तो दाराशी उभा दिसला की असं मनात आणल्याबद्दल मी त्याच्या डोक्यावरून हात फिरवत राहायचे.

मनातलं डॉक्टरांना विचारलं असतं तर त्यांनी सांगितलं असतं. आता मला माहीत आहे की आधी एक इंजेक्शन देऊन गुंगी आणतात, शीर शोधतात ती त्यानंतर. हे एवढं वाक्य मला तेव्हा कोणी सांगितलं असतं तर माझे कितीतरी दिवस बरे गेले असते. पण न विचारता कोण सांगणार?

गोळ्यांचे दिवस

गोळी तो भाकरीतून बाहेर काढून टाकायचा. मी सुकेळीत घालून दिली तर गिळायला लागला. सणासाठी केळीच्या सुक्या पानात गुंडाळून ठेवलेल्या सुकेळ्या मी एकेक करून काढल्या. दादांना दिसत होतं. ते एवढंच म्हणाले, "आता उघड पगार चालू झाला."

गोळ्यांनी थोडे दिवस बरे गेले. तो परत माझ्याबरोबर वाडीत यायला लागला, पण पुढे धावायचा नाही, मागून यायचा. पाण्याचा टँकर आला की पूर्वी रस्त्यापर्यंत भुंकत जायचा, आता नुसते कान उभे करायचा. आवाजच गेला होता म्हणा. गाल सुजल्यापासून त्याचं भुंकणं मी ऐकलं नव्हतं.

कुंपणापलीकडची फिलूबाय रोज पेज घेऊन यायची. फिलूबाय ख्रिस्ती, माझ्याहून मोठी, आणि मी बोलत नाही तेवढं सगळं तीच बोलायची. तिच्या घरी हाडं शिजली की त्याचं पाणी गाळून पेजेत घालायची. सुक्या ते चाटायचा. ती त्याच्यासमोर उकिडवी बसून त्याला दटावायची, "खा रे. आमच्या पोरांना दिलं नाय ते तुला देते." आणि मला म्हणायची, "तू बोलत जा गो त्याच्याशी. आजारी मानसाला आवाज लागतो."

घरात मात्र ताण होता. माझी मुलगी मनीषा तेव्हा कॉलेजात जायची. ती वडिलांशी बोलेना. तिचं म्हणणं, मुंबईला न्या, पैशाचं बघू. हे म्हणायचे, त्याचा अर्धा जबडा कापून तुला काय मिळणार? दादांना दोन्ही पटत नव्हतं. ते म्हणायचे, "घरचं मानूस कोन मारतं? वेळ आली की जाईल तो." हे ऐकून घ्यायचे, कारण दादांना उलट बोलायची आमच्यात पद्धत नाही, आणि मग वाडीत जाऊन उगाच कुदळ मारत बसायचे.

मान हलवली

एका सकाळी सुक्या ताटलीकडे आला नाही. मी ताटली त्याच्यापाशी नेली. त्यानं हुंगलं आणि मान फिरवली. सुकेळीही घेतली नाही. तोंडातून लाळ गळत होती आणि त्यावर माश्या बसत होत्या. मी पदरानं माश्या वारत बसले. दादा ओटीवरून बघत होते. बऱ्याच वेळानं ते खाली उतरून आले आणि सुक्यासमोर बसले. त्यांना बसायला फार त्रास व्हायचा. त्यांनी सुक्याच्या कपाळावर हात ठेवला. त्यानं शेपूट हलवायचा प्रयत्न केला.

मग दादा ह्यांना म्हणाले, "तिला विचार. खायला तिनं घातलंय. ती सांगेल ते करू."

सगळे माझ्याकडे बघायला लागले. मनीषा दारात उभी होती. माझ्या लग्नापासून त्या घरात मला कोणी असं विचारलं नव्हतं. मला कितीतरी बोलायचं होतं. त्याला भीती वाटू देऊ नका, त्याला धरून दाबू नका, मला जवळ राहू द्या. पण मी फक्त मान हलवली. ह्यांनी डॉक्टरांना फोन लावला.

मला ज्याचं वाईट वाटतं ते हे आहे. होकार दिल्याचं वाईट वाटत नाही. त्याचे हाल मी बघितले होते, आणि आजही विचारलं तर मी हो म्हणेन. पण एवढी मोठी गोष्ट मी मानेनं सांगितली, तिथे आणखी चार शब्द सांगितले असते तर पुढचं सगळं वेगळं झालं असतं.

आधी खड्डा

डॉक्टर दुसऱ्या दिवशी सकाळी येणार होते. पोटात काही देऊ नका, गुंगीनं उलटी होते, असं त्यांनी फोनवर सांगितलं होतं. तो तसाही खात नव्हता, पण आपल्या दारातून कोणाला उपाशी पाठवायचं नाही, हे आमच्या घरातल्या प्रत्येकाच्या हाडात आहे. मी सुकेळीचा तुकडा त्याच्या नाकाजवळ धरला. त्यानं वास घेतला. तेवढंच. मग तो तुकडा मी पदराच्या टोकाला बांधून ठेवला.

ह्यांनी वाडीच्या टोकाला, सोनचाफ्याखाली खड्डा खणला. खाली घालायला जाडं मीठ आणून ठेवलं. दादांनी जागा स्वतः दाखवली. वाडीतली ती सगळ्यात चांगली जागा. दुपारभर तिथे सावली असते, आणि सुक्या उन्हाळ्यात तिथेच माती उकरून पडायचा. दादांनी ठरवलं की इंजेक्शन तिथेच द्यायचं, म्हणजे नंतर त्याला अंगणातून उचलून न्यायला नको. यात कोणाचं वाईट मनात नव्हतं. उलट घरच्या माणसासारखं सगळं नीट व्हावं, म्हणूनच ते चाललं होतं.

चूक तिथे झाली. आमच्यात बायका स्मशानात जात नाहीत. उंबऱ्यापर्यंत जायचं, तिथून परत फिरायचं. पण माणूस जात असताना मात्र आम्हीच उशाशी असतो, आम्हीच तोंडात पाणी घालतो, मग पुरुष त्याला घेऊन जातात. सुक्याच्या वेळी आम्ही मरणाची जागा आणि पुरण्याची जागा एकच केली. खड्डा आधी खणला आणि जिवंतपणी त्याला तिकडे नेला. म्हणून ती जागा स्मशान झाली आणि मी उंबऱ्याच्या आत राहिले. हे मला त्या दिवशी कळलं नाही. कोणालाच नाही कळलं.

मनीषाला बघवणार नव्हतं, ती आधीच कॉलेजला निघून गेली होती. डॉक्टर स्कूटरवरून आले. हे सुक्याला घेऊन निघाले तशी मी मागच्या दारापर्यंत गेले. दादा म्हणाले, "तू आत थांब, पोरी. तिथं खड्डा हाय." त्यांचा आवाज मऊ होता. मी म्हटलं असतं, दादा, मी येते, तर त्यांनी अडवलं नसतं. आज मला याची खात्री आहे.

सुक्या पाटापर्यंत चालला. तिथे बसला. त्यानं मागे वळून दाराकडे बघितलं. तो माझ्याशिवाय पाट ओलांडायचा, तेव्हा मी मागून येणार हे त्याला माहीत असायचं. ह्यांनी दोरी हलकेच ओढली. तो उठेना. मग ह्यांनी त्याला उचलून घेतलं. ह्यांच्या खांद्यावरून तो माझ्याकडेच बघत होता. केळीच्या पानांआड दिसेनासा झाला तरी मी तिकडेच बघत राहिले, मग दार ओढून घेतलं आणि आतून पाठ लावून उभी राहिले.

तेवढ्यात तो ओरडला. एकदाच. बारीक, चिरका आवाज.

त्यानंतर काही ऐकू आलं नाही. पदराला बांधलेला सुकेळीचा तुकडा माझ्या मुठीत होता.

तो आवाज

हे नंतर आत आले आणि त्यांनी सुक्याच्या अंथरुणातली माझी जुनी साडी मागितली. मी ती घडी करून दिली. त्यांचे हात मातीनं भरले होते. मी काही विचारलं नाही.

संध्याकाळी फिलूबाय मेणबत्ती घेऊन आली. मनीषाला जवळ घेऊन बसली. मग मला म्हणाली, "तू होतीस ना गो जवळ?" मी खाली बघितलं. तिच्या लक्षात आलं.  मग म्हणाली, "आमच्यात बाया पन जातात सिमेटरीत. तुमच्यात नाय जात, ठाव हाय मला." आणि माझ्या हातात मेणबत्ती देऊन कुंपणापलीकडे गेली. तिनं मला बोल लावला नाही. लावला असता तर मी रडले तरी असते.

तो ओरडलेला आवाज माझ्या कानात राहिला. मला खात्रीच होती की ती सुई होती. शीर सापडली नसणार. दोनतीनदा टोचलं असणार. सासूबाईंच्या काळ्यानिळ्या हातांशेजारी मला आता सुक्याचा पायही दिसायला लागला. सोनचाफ्याची फुलं काढायला मी जाईना. हे काढून आणायचे. आमच्यात त्यावर बोलणं झालं नाही. दादा गेले. राजेळीची झाडं गेली. मनीषाचं लग्न झालं, ती नालासोपाऱ्याला फ्लॅटमध्ये राहायला गेली. सगळं घडत गेलं आणि तो आवाज आहे तिथेच राहिला. ज्यानं जन्मभर आपल्यावर विश्वास टाकला त्याला शेवटी आपण दुखावलं, आणि तेही दाराआड उभं राहून, हे मी कोणाला सांगणार होते?

मनीषाचा फोन

या वर्षी मनीषाचं मांजर आजारी पडलं. पांढरं, एका डोळ्यावर काळा डाग असलेलं. लग्नानंतर तिला त्या बिल्डिंगीत कोणी ओळखत नव्हतं तेव्हापासूनची तिची सोबत. त्याच्या मूत्रपिंडांनी काम सोडलं, पाणी चढवून थोडे दिवस काढले, आणि डॉक्टरांनी आता सोडवा असं सांगितलं. मनीषानं रडत फोन केला. म्हणाली, "आई, तुम्ही सुक्याला इंजेक्शन दिलं होतं ना. खरं सांग. त्याला दुखलं होतं का?"

 जो प्रश्न मी डॉक्टरांना विचारला नव्हता तोच माझी मुलगी मला विचारत होती. खोटं सांगवेना आणि खरं मला माहीत नव्हतं. मी म्हटलं, तुझ्या बाबांना विचारून सांगते.

हे ओटीवर केळीच्या खोडाच्या सोपाचे दोर वळत बसले होते. मी समोर जाऊन बसले. इतक्या वर्षांत पहिल्यांदा विचारलं, "सुक्याला सुई लागली तेव्हा तो ओरडला ना?"

त्यांनी वर बघितलं. "सुई लागली तेव्हा? नाही."

"मी ऐकलं."

"ते होय." त्यांनी दोर खाली ठेवला. "तेव्हा डॉक्टरांनी बॅगही उघडली नव्हती. मी त्याला नुसतं खाली ठेवलं होतं. तू दार लावलंस. कडी वाजली. त्यानं मान वर केली आणि ओरडला. रोज ओरडायचा तसा. आवाज बसला होता त्याचा, पण शेपूट हलत होती. तुला ठाऊक आहे असं मला वाटलं."

 मग तेच पुढे सांगायला लागले. डॉक्टरांनी विचारलं होतं, कोणी येतंय का? याची ज्यांच्याशी सवय आहे ते जवळ असले तर बरं, आपण थांबू या. ह्यांनी सांगितलं, नाही, ती नाही यायची. ह्यांना वाटलं मला बघवणार नाही. मला वाटलं मला यायची मुभा नाही. दोघांनाही एकमेकांना विचारावंसं वाटलं नाही.

"आणि मग?"

"मग काय. पाटाकडे बघत बसला. पहिली सुई कातडीत दिली तेव्हा जरा अंग थरथरलं, बस. डोळे जड झाले. डोकं माझ्या मांडीवर आलं. शिरेत दिली ती त्याला कळलीही नाही. डोळे उघडेच राहिले, डॉक्टर म्हणाले तसं होतं, त्यात दुखणं नसतं." दोर पुन्हा हातात घेत ते म्हणाले, "शेवटपर्यंत वाट बघत होता. घाबरला नव्हता."

मी आत येऊन मनीषाला फोन लावला. तिला सांगितलं, दुखत नाही. पहिलं इंजेक्शन थोडं लागतं, मुंगी चावल्यासारखं, मग गुंगी येते. अंग थरथरलं तर घाबरू नकोस. डोळे उघडे राहतील, तेही आधीच माहीत असू दे. सगळं डॉक्टरांना विचार, वेडगळ वाटलं तरी विचार. आणि तू जवळ बस. खोलीबाहेर जाऊ नकोस. हवं तर मी येते, पण मी आले तरी डोकं तुझ्याच मांडीवर घे. ती म्हणाली, "आई, तू कधी एवढं बोलत नाहीस." मी म्हटलं, म्हणून तर सांगते आहे.

तिनं तसंच केलं. मी शेजारी बसले होते. मांजर तिच्या मांडीवर, तिचा हात त्याच्या कानांमागे. तिनं सगळं विचारलं आणि डॉक्टरबाईंनी सगळं सांगितलं. ती रडली, पण तिच्या कानात कुठला आवाज राहणार नाही. नंतर तीच म्हणाली, तू फोनवर सांगितलंस ते लिहून ठेव, बिल्डिंगीत एकीचा कुत्रा म्हातारा झाला आहे, तिला देईन. तिच्यासाठी म्हणून लिहायला बसले आणि सुक्याचं सगळंच लिहून झालं.

कडी

त्याला दुखलं नव्हतं, हे कळल्यावर मला हलकं वाटायला हवं होतं. वाटलंही, थोडंसं. त्याला सुईचं भय नव्हतं. त्याला मारतोय असं त्याला कळलं नव्हतं. ज्या गोष्टींची काळजी करत मी ते दिवस काढले, त्यातली एकही झाली नाही. त्याला फक्त एवढंच वाटलं की कडी वाजली, म्हणजे मी निघाले.

आणि मी निघाले नव्हते. याला कुठलंही औषध नाही, हे मी आता मान्य केलं आहे.

नालासोपाऱ्याहून परत आले त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी टोपली घेतली. मागचं दार ओढलं. कडी वाजली. मी उगाच थोडी थांबले. मग पाट ओलांडला, केळींमधून बावखलाच्या कडेनं गेले आणि सोनचाफ्याखाली जाऊन उभी राहिले. तिथली जमीन आता सपाट झाली आहे, कुठे काय आहे ते ओळखू येत नाही. झाड फुलांनी भरलं होतं. मी खाली बसले आणि मातीवर हात ठेवून म्हटलं, "आले रे."

फुलं त्या दिवशी मीच काढली.